नावे सारखी, पात्रे निराळी

ट्रॉयच्या युद्धात स्वतःच्या तलवारीवर देह टाकून मेलेला एजॅक्स पुढे परतीच्या प्रवासात समुद्रात बुडून कसा मरतो? ग्रीक पुराणकथा वाचणाऱ्याला असे प्रश्न हमखास पडतात. मला वाटते, या नावांच्या मुळाशी गेले की गोंधळ तर मिटतोच, शिवाय कथाही अधिक उलगडते.

एजॅक्सचे उत्तर सोपे आहे. ते दोघे होते. एक तेलामोनचा मुलगा, धिप्पाड, भल्या मोठ्या ढालीचा. अकिलीसची शस्त्रे आपल्याला न मिळता ओडिसियसला मिळाली, हा अपमान त्याला सोसला नाही. दुसरा ओइलेउसचा मुलगा, चणीने लहान पण धावण्यात तरबेज. अथीनाच्या देवळात आश्रय घेतलेल्या कसांड्राला त्याने फरफटत बाहेर काढले आणि देवांचा कोप ओढवून घेतला. होमर या दोघांची ओळख वडिलांच्या नावाने पटवतो. आपणही नावापुढे वडिलांचे नाव लावतोच की!

‘आर्गोस’चे कोडे वेगळे आहे. अंगभर डोळे असलेला एक राखणदार आर्गोस. गाय झालेल्या इओवर हेराने त्याचा पहारा बसवला होता. हर्मिसने त्याला मारल्यावर हेराने त्याचे डोळे मोराच्या पिसाऱ्यावर बसवले, असे ओव्हिड सांगतो. दुसरा आर्गोस म्हणजे ओडिसियसचा कुत्रा. वीस वर्षांनी, भिकाऱ्याच्या वेषात परतलेल्या धन्याला तो ओळखतो, शेपूट हलवतो आणि प्राण सोडतो. या दोघांचे नाते काहीच नाही. ‘आर्गोस’ हे मुळात विशेषण; अर्थ चकाकणारा, चपळ. भाषाशास्त्रज्ञ आपल्या ‘अर्जुन’ या शब्दाचे मूळही याच कुळात शोधतात.

खरी गफलत झाली ती क्रोनॉस आणि ख्रोनॉस या नावांत. क्रोनॉस हा झ्यूसचा बाप. त्याने विळ्याने आपल्या बापाला, उरानोसला, नामोहरम केले आणि पुढे आपलेच मूल आपल्याला पदच्युत करील या भीतीने एकेक मूल गिळले. ख्रोनॉस म्हणजे काळ. ‘क्रॉनिक’ आजारातला ‘क्रॉनिक’ आला तो या ख्रोनॉसवरून. काळ आपल्याच लेकरांना खातो, असा अर्थ लावून प्राचीन लोकांनीच दोघांना एक केले. सिसेरो आणि प्लूटार्क यांनी तशी नोंद केली आहे. पुढे युरोपीय चित्रकारांनी काळाला म्हातारा केला आणि त्याच्या हाती ते पाते दिले. कलेतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांनी १९३९ मध्ये या चित्राची जडणघडण सविस्तर मांडली.

आपल्या ‘काळ’ शब्दात वेळही आहे आणि मृत्यूही, त्यामुळे हा अर्थ आपल्याला चटकन पटतो. पण त्यात हेसिऑडने सांगितलेली मूळ गोष्ट हरवते. ती आहे सत्ता जाईल म्हणून पोटच्या पोरांना भिणाऱ्या बापाची. काळाला कसली भीती?

इंग्रजीत या दोन नावांचा उच्चार सारखाच होतो. प्राचीन ग्रीकांच्या कानाला मात्र ‘क’ आणि ‘ख’ वेगळे ऐकू येत, जसे ते आपल्याला येतात. म्हणून ही नावे मराठीत लिहिताना एवढा एक काना-मात्रेइतका फरक जरूर जपावा. त्याने दोन पात्रे आपापल्या जागी राहतील.