बटाटा घातलेली 'चिली' : टेक्सासचा रस्सा, आपली मिरची

अमेरिकी पाककृतींच्या पुस्तकात 'चिली'च्या साहित्यात 'तीन मोठे चमचे चिली पावडर' असे हटकून लिहिलेले असते. महाराष्ट्रातील एखाद्या स्वयंपाकघरात ही सूचना शब्दशः पाळली गेली आणि डब्यातले तिखट लवंगी मिरचीचे असले, तर ते पातेलेभर कालवण कोणाच्याही घशाखाली उतरणार नाही. यात दोष पुस्तकाचा नाही आणि करणाऱ्याचाही नाही. अमेरिकेत 'चिली पावडर' या नावाने जे विकले जाते ते आपले लाल तिखट नव्हेच. सौम्य जातीची मिरची, जिरे, ओरेगानो, लसूण आणि बहुधा मीठ यांचे ते तयार मिश्रण. आपल्या भाषेत सांगायचे तर तो मसाला आहे. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत आणि आता येथेही हा पदार्थ हौसेने केला जाऊ लागला असल्याने हा फरक आधीच ध्यानात घेतलेला बरा.

चिली म्हणजे मांस, सुक्या लाल मिरचीचे वाटण आणि जिरे यांचा दाट, मंद आचेवर शिजवलेला रस्सा. त्याचे पूर्ण स्पॅनिश नाव 'चिली कॉन कार्ने', म्हणजे मांसासह मिरची. नावात मिरची आधी आणि मांस नंतर, हे लक्षात घेण्याजोगे आहे. 'चिली' हा शब्द मेक्सिकोतील नाव्हात्ल भाषेतून आला. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाशी त्याचा संबंध नाही. पदार्थ मात्र मेक्सिकोचा म्हणून ओळखला जात असला तरी त्याचे खरे माहेर टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ हे शहर. 1731 मध्ये कॅनरी बेटांवरून आलेली काही स्पॅनिश कुटुंबे तेथे स्थायिक झाली आणि जिऱ्याचा सढळ वापर त्यांच्यामुळे रुजला, असे सांगितले जाते.

चौकातल्या 'चिली क्वीन'

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनिओच्या मिलिटरी प्लाझा या चौकात संध्याकाळ झाली की मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया कंदील लावून, लाकडी टेबले मांडून चिली विकत. घरी शिजवलेला रस्सा चौकात आणून शेगडीवर गरम ठेवायचा आणि थोड्या पैशांत वाडगाभर वाढायचा, असा हा व्यवसाय. गाडीवान, सैनिक, फेरीवाले आणि हौशी प्रवासी एकाच बाकावर बसून जेवत. या स्त्रियांना 'चिली क्वीन' हे नाव पडले. 1893 मध्ये शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनात 'सॅन अँटोनिओ चिली'चा स्टॉल लागला आणि हा पदार्थ टेक्सासबाहेर पोहोचला. स्वामी विवेकानंदांचे भाषण ज्या सर्वधर्मपरिषदेत झाले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

याच दशकात न्यू ब्राउनफेल्स या गावातील विल्यम गेभार्ट या जर्मन उपाहारगृहचालकाने मिरची व मसाले दळून त्यांची भुकटी बाटलीत भरून विकण्यास आरंभ केला. वर्षभर मिरची मिळण्याची अडचण त्याने सोडवली आणि आज जी 'चिली पावडर' आपल्याला चकवते तिचा पायाही घातला.

चौकातल्या स्त्रियांचे पुढे काय झाले, हे वाचताना आपल्याकडच्या कोणत्याही शहरातील हातगाडीवाल्यांची आठवण होते. 1937 मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने त्यांना बंदिस्त उपाहारगृहांचे नियम लावले. वाहत्या पाण्याची सोय आणि माश्यांपासून संरक्षण उघड्या चौकात कोठून आणायचे? महापौर मॉरी मॅव्हरिक यांनी 1939 मध्ये त्यांना परत बसू दिले. परंतु 1943 मध्ये नियमांची अंमलबजावणी कायमची झाली आणि कंदील विझले. पुढे 1977 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून घोषित केले. ज्यांनी तो रस्त्यावर उभा केला त्यांना त्याचा उपयोग उरलेला नव्हता.

बटाटा चालतो का?

टेक्सासमधील कट्टर खवय्यांना विचारले तर उत्तर नकारार्थी येईल. त्यांच्या मते चिलीत राजमादेखील वर्ज्य आहे. मेक्सिकोच्या सीमेजवळील टर्लिंग्वा या ओसाड खाणगावात 1967 पासून चिलीच्या स्पर्धा होतात. तेथील नियमांनुसार कडधान्ये, मॅकरोनी, भात अशी कोणतीही 'भर' घालण्यास मनाई आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या घरच्या चिलीची कृती इतके लोक मागत, की त्यांच्या पत्नीने ती कार्डांवर छापून घेतली होती. तिच्यातही राजमा नाही.

परंतु घरगुती स्वयंपाक स्पर्धेच्या नियमांवर चालत नाही. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात हिरव्या मिरचीच्या रश्श्यात बटाटा हा हक्काचा घटक आहे. एल पासो आणि सीमेपलीकडचा चिवावा प्रांत येथे मांस, मिरची व बटाटा यांचा 'काल्दियो' नावाचा पातळ रस्सा केला जातो. मांस महाग आणि खाणारी तोंडे अधिक, अशा घरात बटाटा घालून पातेले भरायचे, हा तोडगा कोणत्याही भूगोलात सुचण्यासारखा आहे. आपल्याकडे मटणाच्या रश्श्यात बटाट्याच्या फोडी पडतात त्या काही केवळ चवीसाठी नव्हेत.

गंमत अशी की मिरची, बटाटा, टोमॅटो, राजमा आणि सोबतचा मका हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतर मिरचीने आपल्याकडे बस्तान बसवले. त्यापूर्वी येथील तिखटपणा मिरी, आले आणि पिंपळी यांच्यावर अवलंबून होता. 'बटाटा' हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला. तेव्हा टेक्सासची चिली मराठी घरात शिजते तेव्हा तिच्यातले परके असे थोडेच असते. परका असतो तो बहुतांशी ओरेगानो.

राजम्याचा धोका

चवीच्या चुकीने जेवण बिघडते. राजम्याच्या चुकीने माणूस आजारी पडतो. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. अर्धेकच्चे चार-पाच दाणेदेखील पोटात गेले तर एक ते तीन तासांत जोरदार मळमळ, उलट्या आणि पाठोपाठ जुलाब होऊ शकतात. हे विष पाण्याला खळखळून उकळी आणल्यावरच नष्ट होते, नुसत्या गरम पाण्याने नाही.

येथेच अमेरिकेतील 'स्लो कुकर' हे उपकरण घात करते. सकाळी सर्व साहित्य त्यात टाकून कामावर जावे आणि संध्याकाळी आयती चिली वाढून घ्यावी, अशी त्याची सोय. परंतु मंद आचेवर त्यातील पदार्थ अनेकदा उकळीच्या बराच खाली राहतो. 80 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेला राजमा कच्च्या राजम्यापेक्षाही अधिक बाधक ठरू शकतो, असे आढळले आहे. दाणा मऊ लागतो म्हणून तो निर्धोक असे नाही. राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात निदान अर्धा तास खळखळ उकळावा. आपल्या घरातील प्रेशर कुकर या बाबतीत सर्वांत विश्वासू. त्यातील तापमान उकळत्या पाण्याच्याही वर जाते. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो, त्यामुळे त्याची चिंता नाही.

महाराष्ट्रात करावयाची असल्यास सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागातला वाघा घेवडा मिळवावा. तांबूस रेघांचा हा दाणा राजम्याच्याच कुळातला असून त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. खबरदारी अर्थातच तीच.

कृतीमागचे कारण

सहा जणांसाठी अर्धा किलो मटणाचा खिमा, 200 ग्रॅम वाघा घेवडा किंवा राजमा, 400 ग्रॅम बटाटे, तेवढेच टोमॅटो, दोन मोठे कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या, एक मोठा चमचा जिरे आणि 10 ते 12 सुक्या ब्याडगी मिरच्या घ्याव्यात. अमेरिकेत गोमांस वापरतात. शाकाहारी घरात खिम्याऐवजी 100 ग्रॅम सोया ग्रॅन्युल्स भिजवून, घट्ट पिळून घ्यावेत, किंवा राजमा व बटाटाच वाढवावा.

ब्याडगीचा आग्रह धरण्याचे कारण तिचा रंग भरपूर आणि जाळ कमी. चिलीसाठी वापरल्या जाणाऱ्या मेक्सिकोतील 'आंचो' मिरचीचाही गुण असाच. मिरच्यांच्या बिया काढून त्या तव्यावर जेमतेम सुवास सुटेपर्यंत भाजाव्यात. काळ्या पडल्या तर रस्सा कडवट होतो. मग गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून लसूण व भाजलेल्या जिऱ्यांसह वाटाव्यात. ओरेगानो एक लहान चमचा पुरे. मेक्सिकोतला ओरेगानो ही युरोपातल्या ओरेगानोहून निराळ्याच कुळातली वनस्पती आहे. दोन्ही न मिळाल्यास चिमूटभर ओवा चुरडून घालावा. चव हुबेहूब तीच येणार नाही, पण जवळपास जाईल.

खिमा जाड बुडाच्या पातेल्यात थोडा थोडा, मोठ्या आचेवर तपकिरी होऊ द्यावा. सगळा एकदम टाकला तर पाणी सुटते, खिमा उकडतो आणि रश्श्याला लागणारा खमंगपणा जन्मालाच येत नाही. त्याच तेलात कांदा, मग मिरचीचे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. खिमा आणि शिजलेला घेवडा घालून, गरम पाणी ओतून पाऊण ते एक तास मंद आचेवर ठेवावे.

आता बटाटा. आपली सवय अशी, की फोडणीत कांद्यामागोमाग टोमॅटो जातो. या पदार्थात तसे केले तर तासाभराने रस्सा तयार आणि बटाटा मात्र दाठर, अशी फजिती होते. भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन आंबटात सहजी विरघळत नाही. त्यामुळे टोमॅटोच्या रसात बटाटाही लवकर मऊ होत नाही आणि अर्धवट शिजलेला राजमाही नाही. म्हणून आधी दीड इंची फोडी रश्श्यात सोडाव्यात आणि त्या जवळजवळ शिजल्या, सुरी सहज शिरू लागली, की टोमॅटो चिरून घालावेत. मग हाच आंबटपणा उपकारक ठरतो: पुढची वीस मिनिटे फोडी आपला आकार धरून राहतात. नवा बटाटा चिकट व घट्ट असल्याने फोडींसाठी चांगला. जुना पिठूळ बटाटा फुटतो. तथापि एखादा जुना बटाटा मुद्दाम घालून शेवटी डावाच्या पाठीने मोडावा. टेक्सासमध्ये रस्सा दाट करण्यासाठी चुन्याच्या पाण्यात प्रक्रिया केलेल्या मक्याचे पीठ लावतात, ते काम हा बटाटा करतो. हिरवट पडलेला किंवा कोंब आलेला बटाटा मात्र वापरू नये.

मीठ जास्त झाले तर बटाटा ते 'शोषून घेतो', हा समज तिकडेही आहे आणि इकडेही. बटाटा खारट पाणी शोषतो, निवडून मीठ नव्हे. उरलेला रस्सा तितकाच खारट राहतो. पाणी वाढवणे आणि अळणी शिजवलेल्या बटाट्याच्या फोडी वाढवणे, हाच इलाज. जाळ जास्त झाला असेल तर मात्र वाढताना दही किंवा चीज घ्यावे. मिरचीतील कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातील प्रथिन आणि स्निग्धांश त्याला धरून ठेवतात. तिकडे सोबत मक्याचा पाव किंवा खारी बिस्किटे देतात. येथे मक्याची वा ज्वारीची भाकरी आणि वर बारीक चिरलेला कांदा पुरेसा होतो.

चिली दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते, हे खरे. रात्रभरात तिखट-मीठ बटाट्यात मुरते. परंतु मोठे पातेले तसेच ओट्यावर ठेवून झोपू नये. दाट रस्सा मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो आणि मांसाच्या कालवणात वाढणाऱ्या जिवाणूंना तेवढे पुरते. तो उथळ भांड्यांत वाटून, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि पुन्हा खाताना उकळी आणावी. फ्रीजरमध्ये ठेवायची असल्यास बटाटे न घालता ठेवावी; गोठून वितळलेला बटाटा रवाळ आणि पाणचट होतो. चिली बाहेर काढल्यावर फोडी वेगळ्या उकडून तिच्यात सोडल्या की झाले.