कर्णबधिरांसाठी वास्तू कशी असावी?

सार्वजनिक इमारतीत अपंगांसाठी सोयी म्हटले, की उतरता मार्ग आणि चाकाची खुर्ची डोळ्यांसमोर येते. कर्णबधिर व्यक्तीला पायऱ्या चढता येतात. त्यामुळे तिला वास्तूची अडचण नसतेच, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्ती सुमारे ५० लाख आहेत.

अकोला-वाशीम रस्त्यावरील मेडशीसारख्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्या कर्णबधिर प्रवाशाचा विचार करावा. बसचा फलाट बदलल्याची सूचना केवळ ध्वनिक्षेपकावरून दिली गेली, तर त्याची गाडी चुकते. रुग्णालयात नावाचा नुसता पुकारा झाला, तर पाळी हुकते. पण वसतिगृहाला आग लागून धोक्याची घंटाच तेवढी वाजली, तर प्रश्न जिवाचा होतो.

वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात वास्तुविशारद हॅन्सेल बाउमन यांनी २००५ मध्ये ‘डेफस्पेस’ प्रकल्प हाती घेतला. जे कानांना कळत नाही, ते डोळ्यांना व स्पर्शाला कळावे, हे त्याचे सूत्र. खुणांच्या भाषेत बोलत चालणाऱ्या दोघांना एकमेकांचे हात व चेहरा दिसावा लागतो. म्हणून मार्गिका रुंद हव्यात. पलीकडून येणारा माणूस आधीच दिसावा, यासाठी वळणावरचे कोपरे मोकळे हवेत. वर्गातील बाके ओळींऐवजी अर्धवर्तुळात मांडल्यास सर्वांना सर्वांचे बोलणे दिसते. बोलणाऱ्याच्या पाठीमागे झगझगीत खिडकी असली, की त्याचा चेहरा अंधारतो. उजेड सौम्य व सर्वत्र सारखा हवा. भिंतींना निळसर-हिरवा रंग दिल्यास हातांच्या हालचाली उठून दिसतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना घुमणाऱ्या आवाजाचा त्रास होतो; तो शोषून घेणारे छत व पडदे उपयोगी पडतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशी ठरू नयेत, त्यांतील किमान निकष बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले. मात्र लुकलुकणारा धोक्याचा दिवा, ठळक अक्षरांतील सूचनाफलक आणि बाकांची वेगळी मांडणी यांसाठी मोठा खर्च लागत नाही. आराखडा काढतानाच त्यांची आठवण व्हावी, एवढेच पुरेसे आहे.