चिक्की द्यायची की नाही? दाताच्या डॉक्टरला आहाराचे धडे का हवेत

पुण्याहून लोणावळा लोकलने निघाल्यावर वडगाव आणि कामशेतच्या मधे कान्हे स्टेशन लागते. दोन्ही बाजूंना इंद्रायणी भाताची खाचरे आणि पुढे लोणावळ्यात चिक्कीची दुकाने. या पट्ट्यात शेंगदाणा-गुळाची चिक्की म्हणजे पर्यटकांचा खाऊ, तसाच घरच्या पोरांचाही.

आता समजा, कान्ह्यातल्या सात वर्षांच्या एका मुलाची दाढ किडली आहे आणि त्याचे वजनही वयाच्या मानाने कमी आहे. दाताचे डॉक्टर म्हणतात, "चिक्की बंद करा." वजन पाहणारे म्हणतात, "शेंगदाणा-गूळ भरपूर द्या." आईने ऐकायचे कोणाचे?

दोघेही अर्धे बरोबर

शेंगदाण्यात प्रथिने आणि स्निग्धांश आहेत. कमी वजनाच्या मुलाला त्यांची गरज असते. पण गूळ असो वा साखर, तोंडातल्या जिवाणूंना दोन्ही सारखेच. ते साखर पचवून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे वरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, झिजू लागते. 'गूळ नैसर्गिक, म्हणून दाताला चालतो' हा गैरसमज आहे.

गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थराचा सामू (पीएच) साधारण ५.५ च्या खाली जातो. लाळ तो पूर्ववत करते, पण त्याला अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा तुकडा तोंडात गेला, की आम्लाचा हल्ला नव्याने सुरू. म्हणून किती गोड खाल्ले याइतकेच किती वेळा खाल्ले आणि ते दाताला किती वेळ चिकटून राहिले, हेही महत्त्वाचे.

स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेतील अभ्यासात हेच दिसले. त्याचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर गोड घेणाऱ्यांपेक्षा मधल्या वेळेत चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात कितीतरी जास्त किडले. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना केलेला हा प्रयोग आज अनैतिक मानला जातो.

थोडक्यात, त्या मुलाला चिक्की द्यावी. मात्र जेवणासोबत, एकाच वेळी, आणि नंतर खळखळून चूळ भरायला लावून. दिवसभर खिशातून तुकडा-तुकडा चघळायला नको. हे उत्तर द्यायला दात आणि आहार दोन्ही कळावे लागतात.

बीडीएसला आहार शिकवतात का?

शिकवतात. २००७ च्या नियमावलीनुसार पहिल्या वर्षाच्या एका विषयाच्या नावातच शरीरक्रियाशास्त्र आणि जैवरसायनशास्त्राबरोबर 'पोषण व आहारशास्त्र' आहे. बालदंतशास्त्रात आहार-समुपदेशनही येते.

खरी अडचण वेळेची आहे. पहिल्या वर्षी जीवनसत्त्वे आणि उष्मांक पाठ होतात. रुग्ण मात्र खुर्चीत बसतो तिसऱ्या वर्षापासून. तोवर ते धडे मागे पडलेले असतात. दात काढणे आणि भरणे हाताखालून जाते. आहाराचा सल्ला 'गोड कमी खा' या तीन शब्दांत उरकता येतो.

इंटर्नशिपच्या वर्षात सामुदायिक दंतआरोग्यासाठी सुमारे तीन महिने राखलेले असतात. शाळा, अंगणवाडी आणि गावातली शिबिरे याच काळात होतात. आहाराचे धडे पुन्हा गिरवायला याहून चांगली जागा नाही. दंत आरोग्यसहायक, म्हणजे हायजिनिस्ट, हा तर प्रतिबंधासाठीच तयार झालेला वर्ग. त्यांच्या शिक्षणातही हा भाग पक्का हवा.

नेमके काय शिकवायला हवे?

• चोवीस तासांचा आहार विचारणे. 'गोड खातो का?' असे विचारले की उत्तर 'नाही' येते. 'सकाळी उठल्यापासून काय काय खाल्ले?' असे विचारले की चहात बुडवलेली बिस्किटे, वेफर्सचे पाकीट, रात्रीची साखर घातलेली दुधाची बाटली आणि खोकल्याचे गोड औषध बाहेर येते.

• तोंडातून कुपोषण ओळखणे. फिकट, गुळगुळीत जीभ आणि ओठांचे चिरलेले कोपरे लोह किंवा 'ब' गटातील जीवनसत्त्वांची कमतरता सुचवू शकतात. अशा रुग्णाला रक्ततपासणीसाठी पाठवायला हवे.

• उलटी बाजूही पाहणे. दाढा गेलेल्या आजीला भाकरी, शेंगदाणे, काकडी चावत नाही. मग चहा-बिस्किटांवर दिवस निघतो. कवळी बसेपर्यंत तिने काय खावे, हे सांगणेही उपचारच आहे.

• मधुमेह विचारणे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही.

• घरच्या ताटातला पर्याय देणे. सफरचंद आणि चीज सांगून उपयोग नाही. भाजलेले फुटाणे, उकडलेले अंडे, ताक, काकडी हे गावात मिळते आणि परवडते.

आत्ताच का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना मुखरोग आहेत. संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घेतलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी. ५ टक्क्यांहून कमी असेल तर आणखी चांगले. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, अर्थात सहा चमचे. कपाला दोन चमचे साखर घातली, तर तीन कप चहातच ती मर्यादा संपते.

भारतात दंतशिक्षणाची चौकटही बदलते आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला. अभ्यासक्रमाची नव्याने मांडणी होताना आहाराचा धडा पहिल्या वर्षाच्या पुस्तकातून खुर्चीजवळ आणता येईल.

तोवर घरी काय कराल?

• गोड जेवणासोबत; दोन जेवणांच्या मधे नको.
• रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही.
• फ्लोराइडची टूथपेस्ट दिवसातून दोनदा. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी.
• मिश्री बंद. ती तंबाखूच आहे.
• दवाखान्यात जाताना मुलाने आदल्या तीन दिवसांत काय, किती वाजता खाल्ले ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी तो कागद पुढे करा.