ठिपका ओळखा, मग पंप उचला

टोमॅटोची लागवड होऊन दोन-तीन आठवडे उलटतात, मध्येच चार दिवस ढगाळ हवा पडते आणि पानांवर ठिपके दिसू लागतात. नारायणगाव असो की पिंपळगाव बसवंत, बांधावरचं निदान ठरलेलं असतं: करपा! कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशकाची पुडी येते आणि संध्याकाळपर्यंत फवारणी उरकते. पण ठिपके बुरशीचे असतात तसे जिवाणूचे आणि विषाणूचेही असतात. बुरशीनाशकानं विषाणू हटत नाही. खर्च तेवढा होतो.

आधी ठिपके कुठून सुरू झाले ते पाहावं. जमिनीलगतच्या जुन्या पानांवर तपकिरी डाग, त्यात एकात एक वलयं आणि भोवती पिवळी कड असेल, तर तो लवकर येणारा करपा, म्हणजे अल्टरनेरिया बुरशी. ठिपके दोन-तीन मिलिमीटरचे, मध्ये राखाडी, कडेला गडद असतील आणि भिंगाखाली मधोमध काळे कण दिसले, तर सेप्टोरिया. वलयं नसलेले, बारीक, काळपट, तेलकट, ओलसर ठिपके जिवाणूजन्य रोगाकडे बोट दाखवतात. शेंड्याची कोवळी पानं तांबूस-करडी पडून रोपाची वाढ खुंटली असेल, तर फुलकिड्यांनी आणलेल्या विषाणूचा संशय घ्यावा. थंड, दमट हवेत मोठे पाणचट चट्टे पसरले आणि सकाळी पानाखाली पांढरी बुरशी दिसली, तर तो उशिरा येणारा करपा. तिथे मात्र एक दिवसही दवडू नये.

बुरशीच्या ठिपक्यांवर सुरुवातीलाच मॅन्कोझेबसारखं औषध लेबलवरच्या प्रमाणात फवारावं. पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे. जिवाणूसाठी ताम्रयुक्त औषध वापरतात, पण ते प्रसार रोखण्यापुरतंच. हा रोग बियाण्यातूनही येतो. म्हणून घरचं बी असेल तर पेरणीपूर्वी ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवावं. थर्मामीटर मात्र हवाच, कारण पाणी जास्त तापलं तर उगवण जाते. विषाणूवर औषध नाही. रोगट रोप उपटून नष्ट करावं आणि फुलकिड्यांचा बंदोबस्त करावा.

रोग कोणताही असो, पानं ओली राहिली की बुरशी आणि जिवाणू दोघांचंही फावतं. पाणी ठिबकनं किंवा बुडाशी द्यावं. रोपांना वेळेवर आधार द्यावा, मातीला टेकलेली पानं काढून शेताबाहेर न्यावीत आणि दव असताना प्लॉटमध्ये फिरू नये. बटाटा, वांगी, मिरचीच्या पाठोपाठ त्याच रानात टोमॅटो घेणंही टाळावं.

फवारल्यावर जुना ठिपका पुसला जात नाही, म्हणून औषधाचा गुण नव्या पानांवर तपासावा. आठवड्याभरात तिथेही ठिपके उमटले, तर डोस वाढवण्याऐवजी रोगट फांदी घेऊन जवळचं कृषी विज्ञान केंद्र गाठावं.