घराआधी वही, हप्त्याआधी तालीम

हातातलं काम हळू करा, पण बंद करू नका. भाजी निवडता निवडता ऐकलं तरी चालेल. फक्त जवळ एक वही आणि पेन असू द्या.

आजचा विषय आहे नव्या जोडप्याचं पहिलं घर. लग्नाला दोन-चार वर्षं झालेली असतात. कुणी तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहतं, कुणी गावातच एकत्र घरातल्या एका खणात. आपलं स्वतःचं छप्पर असावं असं दोघांनाही वाटतं. मग चौकशी सुरू होते ती उलट्या बाजूने. प्लॉट केवढ्याला, मिस्त्री किती घेतो, बँक किती देते. आपल्याला किती झेपतं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आणि तोवर इसार देऊन झालेला असतो.

आपण आज हा शेवटचा प्रश्न पहिला घेऊ.

आधी दोघांची वही

वही एकच आणि ती दोघांची. तुमची वेगळी, त्यांची वेगळी असं नको. पहिल्या पानावर मिळकत नाही, देणं लिहायचं. गटाचं कर्ज, भिशी, मोबाइलचा हप्ता, गाडीचा हप्ता, लग्नात घेतलेली उसनवारी, दुकानाची उधारी, कुणाला जामीन राहिला असाल तर तेही. बऱ्याच घरांत नवऱ्याचं एखादं देणं बायकोला ठाऊक नसतं, आणि बायकोने माहेरच्या अडचणीला काढलेलं कर्ज नवऱ्याला ठाऊक नसतं. बँक मात्र कर्ज देताना दोघांची जुनी कर्जं तपासतेच. बँकेच्या टेबलावर कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं. हे बोलायला निवांत वेळ निवडा. चार माणसांत विषय काढू नका आणि ऐकल्यावर लगेच भांडू नका. आधी लिहून तर होऊ द्या.

दुसऱ्या पानावर मिळकत. समजा, एका जोडप्यात नवरा दूध डेअरीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्याचा पगार १५ हजार. ती घरी शिलाई करते. लगीनसराईत आणि दिवाळीत हात भरलेले, पावसाळ्यात मशीन गप्प. वर्षाचे मिळाले ४२ हजार. सरासरी काढली तर महिन्याला साडेतीन हजार येतात. पण हप्ता सरासरीवर चालत नाही, तो दर महिन्याला येतो. म्हणून सगळ्यात वाईट महिन्यात किती मिळाले ते बघा. समजा २ हजार. वहीत तेवढेच धरायचे. म्हणजे पक्की मिळकत १७ हजार. शिलाईचे वरचे जे येतील, वर्षाला १८ हजार, ते वेगळे ठेवायचे. त्यांचं पुढे सांगते.

शेतीवर किंवा ऊसतोडीवर पोट असेल, तर हाच नियम वर्षाला लावा. मागच्या तीन वर्षांतलं सगळ्यात कमी पिकलेलं वर्ष धरा.

खर्च: दिसणारा आणि न दिसणारा

आता तिसरं पान. या जोडप्याचा महिन्याचा खर्च असा:

खोलीभाडं २,५००
किराणा, दूध, भाजी, गॅस ६,०००
लाइट बिल, मोबाइल ९००
पेट्रोल १,५००
गावी आईवडिलांना १,५००
गटाची बचत २००
औषधपाणी ५००

बेरीज १३,१००. वाटतं की ३,९०० उरले. पण ते उरत नाहीत. का? कारण वर्षातून एकदा येणारे खर्च आपण महिन्यात धरतच नाही. गौरी-गणपती, दिवाळी, गावची जत्रा, भाचीच्या लग्नातला आहेर, गाडीचा विमा, मुलाचं दप्तर आणि गणवेश. हे सगळे लिहून काढा. या जोडप्याचे १८ हजार झाले. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १,५००. म्हणजे खरे उरतात २,४००.

आईवडिलांना देतो ते १,५०० काही जण खर्चात लिहीतच नाहीत, आणि घराचा हप्ता सुरू झाला की पहिली कात्री तिथेच लागते. मग घर झालं तरी मनं फाटतात. सासरी काय द्यायचं, माहेरी काय करायचं, हे दोघांनी आधी ठरवा आणि वहीत लिहा.

हप्ता किती झेपेल?

आता साधं गणित. उरतात २,४००. घर झाल्यावर खोलीभाडं वाचेल २,५००. झाले ४,९००. त्यातून नव्या घराची घरपट्टी, पाणीपट्टी आणि किरकोळ दुरुस्तीला महिन्याचे ४०० बाजूला काढा. उरले ४,५००. हा तुमचा हप्ता. याच्या वर एक रुपया नाही.

४,५०० रुपयांत किती कर्ज बसतं? व्याज वर्षाला ९ टक्के धरलं, तर ५ लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी बसतं. पण त्या २० वर्षांत एकूण भरावे लागतात जवळजवळ १० लाख ८० हजार. घेतलेल्या पैशाच्या दुपटीहून जास्त. आणि मध्ये हाताशी काहीच उरत नाही. त्याऐवजी ३ लाखांचं कर्ज १५ वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता येतो ३,०४३ आणि एकूण भरणा साधारण ५ लाख ४८ हजार. महिन्याला १,४५० रुपये मोकळे राहतात. बाळंतपण आलं, गाडी बंद पडली, पाऊस लांबला, तर हेच १,४५० घर तारतात.

तुम्हाला रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा एक नियम माहीत असू द्या. वर्षाला ३ लाखांपर्यंत मिळकत असलेल्या कुटुंबाला तारण न घेता छोटं कर्ज देताना, त्या घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. या जोडप्याच्या पक्क्या मिळकतीचं निम्मं होतं साडेआठ हजार. वही सांगते साडेचार हजार. तेव्हा कर्ज देणारा "तुम्हाला बसतंय की" असं म्हणाला, तरी आपली वही काय म्हणते ते बघायचं.

व्याज विचारताना एक प्रश्न जरूर विचारा: व्याज मूळ रकमेवर शेवटपर्यंत लावणार, की घटत्या शिलकीवर? एक लाख रुपये तीन वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले आणि मूळ रकमेवर व्याज धरलं, तर व्याज होतं ३६ हजार. घटत्या शिलकीवर धरलं तर साधारण १९,६००. टक्का तोच, पैसे जवळजवळ दुप्पट. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड लावता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. दिवाळीची जादा शिलाई तिथे भरता येते.

आणि गटाचं कर्ज घराच्या भिंतीत घालू नका. अनेक गटांत शेकडा दोन रुपये महिना व्याज असतं, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ते कर्ज शेळीला, मशीनला, दुकानाला घ्यावं, ज्यातून पैसा परत येतो.

हप्त्याची रंगीत तालीम

माझं आजचं मुख्य सांगणं हेच. कर्ज घेण्याआधी एक वर्ष हप्ता भरून बघा, स्वतःलाच. आज भाडं चालू आहेच, म्हणून वरचे २,४०० दर महिन्याच्या ५ तारखेला पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेवीत टाका. ५ म्हणजे ५. वर्षभरात एकही महिना चुकला नाही, तर हप्ता झेपतो. तीन-चार वेळा चुकला, तर तो हप्ता आपल्याला मोठा आहे. तालमीत चुकलं तर काही बिघडत नाही. खऱ्या कर्जात चुकलं तर दंड लागतो आणि पुढे घरावर जप्ती येते.

तालमीत पैसाही साठतो. वर्षाचे २८,८०० आणि शिलाईचे वरचे १८ हजार, मिळून ४६,८००. पहिल्या वर्षाचे पैसे घराला लावायचे नाहीत. ते आडवेळेचे. या जोडप्याचा तीन महिन्यांचा खर्च साधारण ४४ हजार आहे, तेवढे कायम बाजूला असले पाहिजेत. पुढच्या तीन वर्षांचे १ लाख ४० हजार हे घराचे. त्यात ३ लाख कर्ज मिळवलं की झाले ४ लाख ४० हजार. मिस्त्रीने ४ लाखांचा अंदाज दिला असेल तर हे बरोबर बसतं, कारण अंदाजावर दहा टक्के वाढतातच. मिस्त्री पाया, जोता, कॉलम, स्लॅब सांगतो. शोषखड्डा, पाण्याची टाकी, वीजमीटर आणि वास्तुशांतीचं जेवण सांगत नाही. शिवाय बांधकाम चालू असतं तेव्हा भाडंही चालू आणि कर्जाचं व्याजही चालू. त्या महिन्यांची तरतूद आधी करा.

चार वर्षं ऐकून काहींनी सुस्कारा सोडला असेल. पण घाईने वीस वर्षं अडकण्यापेक्षा चार वर्षं दमाने काढलेली बरी. दोन खोल्या आधी, वरचा मजला मुलं मोठी झाल्यावर, असंही करता येतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण यादीत नाव असेल, तर सपाट भागात १ लाख २० हजारांचं अनुदान बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे खात्यात येतं. ग्रामपंचायतीत यादी बघायला लाजू नका.

सोनं गेलं, नाव कुठे आहे?

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. पैसे कमी पडले की पहिली नजर जाते बायकोच्या दागिन्यांवर. लग्नात तिला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन आहे, कायद्यानेही तिचंच. तिने खुशीने दिले तर जरूर द्यावेत. पण किती ग्रॅम मोडलं, किती रुपये आले, ते वहीत तारखेसह लिहा. आणि घराच्या कागदावर तिचं नाव असलंच पाहिजे.

पुष्कळदा होतं असं की बँकेच्या कर्जावर तिची सही असते, सहकर्जदार म्हणून. हप्ता चुकला तर बँक तिलाही विचारणार. पण उताऱ्यावर नाव फक्त नवऱ्याचं. देणं दोघांचं आणि घर एकाचं, हा हिशेब जुळत नाही. ग्रामपंचायतीच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचंही नाव लावावं, यासाठी आपल्या राज्यात २००३ पासून "घर दोघांचे" ही भूमिका आहे. आवास योजनेतलं घरही सर्वसाधारणपणे पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे मिळतं. तयार घर विकत घेत असाल आणि ते स्त्रीच्या एकटीच्या नावावर केलं, तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. १० लाखांच्या घराला १० हजार वाचतात.

पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा करवसुलीसाठीचा असतो. मालकीचा खरा आधार म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र. सासऱ्यांच्या जागेवर बांधणार असाल तर आधी दिरांसमोर बोला आणि कागद नोंदवा, मगच पाया खोदा. नोटरी केलेल्या स्टँपपेपरवर जागा घेऊ नका, नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. तालुक्यात नव्या इमारतीत फ्लॅट घेत असाल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक काम करून यायचं. वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहून, बारांनी भागून, तो आकडा आणायचा. फक्त तेवढाच. ज्यांच्या घरात नुकतं लग्न झालं आहे, त्यांनी सुनेला आणि मुलाला शेजारी बसवून लिहायला लावा, आणि वही सुनेच्या हातात द्या. ज्या घराच्या हिशेबात तिचा हात आहे, त्या घराच्या कागदावर तिचं नाव यायला फार वेळ लागत नाही.