शाबासकी न देणाऱ्या सरांवरचे प्रेम

१६ नोव्हेंबर २०१३. वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकर क्रिकेटचा निरोप घेत होता. सगळ्यांचे आभार मानता मानता तो रमाकांत आचरेकर सरांवर आला. एकोणतीस वर्षांत सरांनी आपल्याला एकदाही ‘छान खेळलास’ असे म्हटले नाही, असे त्याने सांगितले. शिष्य सुखावेल आणि मेहनत कमी करील, ही सरांना भीती. आता पुढे सामनाच नसल्याने सरांनी तेवढे म्हणायला हरकत नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली. या कसोटीच्या निमित्ताने सर चाकांच्या खुर्चीतून स्टेडियमवर आले होते. अर्धांगवायूने त्यांचे शरीर खचले होते आणि बोलणेही अवघड झाले होते. आयुष्यभर जाणीवपूर्वक राखून ठेवलेली शाबासकी देण्याची वेळ आली, तेव्हा शब्दच साथ देईनासे झाले होते.

आजारी, थकलेल्या प्रशिक्षकाविषयी लोकांच्या मनात एवढी माया का दाटून येते? फुटबॉलमध्ये याचे उत्तर सोपे आहे. तिथला व्यवस्थापक मैदानाच्या कडेला उभा असतो, त्याचा आनंद आणि चडफड हजारो प्रेक्षक दर आठवड्याला पाहतात. इंग्लंडचे पहिले परदेशी व्यवस्थापक स्वेन-गोरान एरिक्सन यांनी जानेवारी २०२४ मध्ये आपल्याला कर्करोग असून हाती फार तर वर्षभराचा अवधी असल्याचे जाहीर केले. लिव्हरपूल संघ सांभाळण्याची त्यांची जुनी इच्छा होती. ती त्या क्लबने २३ मार्च रोजी अ‍ॅनफील्डवर माजी खेळाडूंच्या सामन्यात पूर्ण केली. ज्या क्लबचे ते कधी व्यवस्थापक नव्हते, त्याच्या समर्थकांनी त्यांना उभे राहून मानवंदना दिली. २६ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

आचरेकर सरांचे तसे नाही. त्यांना काम करताना पाहिलेले लोक शिवाजी पार्कच्या कुंपणाबाहेर फारसे सापडणार नाहीत. १९३२ साली जन्मलेल्या या मालवणच्या माणसाच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना अवघा एक, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर त्यांना कधी डावपेच आखताना कोणी पाहिले नाही. लोकांना ते कळले ते शिष्यांच्या तोंडून. सरांची मूर्ती घडली ती अशा सांगोवांगीच्या कथांतून, आणि या कथा भाबड्या नाहीत, हे त्यांचे वैशिष्ट्य.

यष्टीवर ठेवलेल्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. सचिनला बाद करील त्याला नाणे, कोणीच बाद करू शकला नाही तर ते सचिनचे. अशी मिळवलेली तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. स्कूटरवर मागे बसवून सर त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर खेळायला नेत. पण अधिक बोलकी आहे ती फटकाऱ्याची गोष्ट. स्वतःचा सामना सोडून सचिन वानखेडेवर शाळेच्या मोठ्या संघाला प्रोत्साहन द्यायला गेला. सरांनी त्याला तिथेच गाठले आणि बजावले, की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस. लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळ. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, तीसुद्धा डाव घोषित करण्याच्या निरोपाकडे सोयीस्कर काणाडोळा करून. सरांचा धाक होता खरा, पण पोरांनी त्यातून पळवाटाही शोधल्या होत्या.

बलविंदरसिंग संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण अमरे, अजित आगरकर ही नावे पाहिली, तर सरांची शिस्त कोणा एका प्रतिभावंतापुरती नव्हती हे पटते. ही शिस्त राबवणारा माणूस अंथरुणाला खिळला, की धाक गळून पडतो आणि मागे ऋणाची जाणीव उरते. गुरुपौर्णिमेला शिष्य घरी जाऊन सरांच्या पाया पडत. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत आणि ज्यांनी आयुष्यात बॅट धरली नाही तेही गलबलून जात. प्रत्येकाला आपल्या शाळेतले, कधीही न गोंजारणारे एखादे मास्तर त्या वृद्ध चेहऱ्यात दिसत असावेत.

पिंपरी-चिंचवडकरांना हे नाते वेगळे समजावून सांगायला नको. दादर युनियनकडून खेळलेल्या दिलीप वेंगसरकर यांची अकादमी थेरगावात सुरू झाली आणि शिवाजी पार्कपासून दूर, कारखान्यांच्या या नगरीतल्या मुलांनाही रोजच्या सरावाचे मैदान मिळाले. जुनी सांगवीचा ऋतुराज गायकवाड तिथेच घडला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता. पाळी संपवून मुलाला नेटमध्ये सोडायला जाणाऱ्या बापाला प्रशिक्षकाच्या एका होकाराचे मोल पुरेपूर ठाऊक असते.

सरांना द्रोणाचार्य पुरस्कार १९९० मध्ये आणि पद्मश्री २०१० मध्ये मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा शिवाजी पार्कवरून निघाली, मुलांनी बॅटी उंचावून मानवंदना दिली आणि सचिनने पार्थिवाला खांदा दिला. शासकीय इतमाम मात्र मिळाला नाही. त्यावरून टीका झाली, तेव्हा सरकारच्या वतीने समन्वयातील त्रुटीचे कारण पुढे करण्यात आले. पद्मश्रीच्या मानकऱ्याच्या बाबतीत ते कोणाला पटण्यासारखे नव्हते. शिष्यांनी जे न सांगता केले, ते सरकारला सुचलेही नाही.

शिवाजी पार्कच्या पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ सरांचे स्मारक उभे राहिले ते ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या ९२व्या जयंतीला. सचिनच्या हस्ते अनावरण झाले. व्यासपीठावर विनोद कांबळी होता, तोही आता आजाराने खंगलेला. सचिन जवळ गेला तेव्हा विनोद त्याचा हात सोडेना. मग त्याने थकलेल्या आवाजात, सरांना आवडत असे म्हणून, ‘प्यासा’ चित्रपटातले एक गाणे म्हटले.