लाडू खा, दंड मारा... पण दंड म्हणून नको!

नरक चतुर्दशीची पहाट. वाकडच्या सोसायट्यांमध्ये पायाखाली कारीट फुटतं, उटण्याचा वास जिन्यापर्यंत येतो, आणि फराळाचं ताट समोर येताच कुणीतरी विचारतंच, “एक लाडू म्हणजे किती स्टेप्स?” चला, आज हिशोबच करून टाकू!

आधी स्टेप्स. दहा हजारांचा आकडा आला कुठून, माहीत आहे का? जाहिरातीतून! टोकियो ऑलिम्पिकची हवा अजून ताजी होती आणि 1965 साली जपानच्या बाजारात ‘मानपो-केई’ आलं. पावलं मोजणारं यंत्र, नावातच दहा हजार पावलं. तो आकडा आज कस्पटे वस्तीतल्या स्मार्टवॉचपर्यंत पोहोचलाय! 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी 72 वर्षांच्या सुमारे 17 हजार महिलांची पावलं मोजली गेली. रोजच्या 4,400 पावलांनाच फायदा दिसला, आणि 7,500 च्या आसपास तो स्थिरावला. आजी, तुम्ही पास!

आता लाडू. 40 ग्रॅमचा बेसनलाडू घ्या. साधारण 15 ग्रॅम बेसन, 10 ग्रॅम तूप, 15 ग्रॅम पिठीसाखर. झाल्या 200 च्या आसपास कॅलरी. आणि एक किलो चरबी चढायला लागतात सुमारे 7,700. म्हणजे रोजच्या जेवणावर अडतीस लाडू, तेही जास्तीचे! भाऊबीजेच्या दोन लाडवांनी जीन्स घट्ट होत नाही हो.

मग दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो पुढे का? पाणी, पाणी, पाणी! शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर चिवड्या-चकलीतलं मीठ आहेच. वजनकाटा तुळशीच्या लग्नापर्यंत पलंगाखाली सरकवलेला बरा.

जगात कुणी हे मोजलंय का? मोजलंय! 2000 साली छापून आलेल्या अमेरिकी अभ्यासात थँक्सगिव्हिंग ते न्यू इयर या सुट्ट्यांत माणशी सरासरी वाढ निघाली फक्त 0.37 किलो. लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज मात्र त्याच्या कितीतरी पट होता. मेख पुढे आहे. ते वजन नंतरच्या महिन्यांत फारसं उतरलंच नाही. भीती एका दिवाळीची नाही, दरवर्षीच्या साचण्याची.

आता ऐका माझा सगळ्यात आवडता किस्सा. 1975 साली मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना मिल्कशेक पाजले. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला काहीच नाही. मग समोर आइस्क्रीम ठेवलं, “हवं तेवढं खा आणि चव सांगा.” ज्या डाएटच्या फंदात नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक पोटात गेल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. सरळ आहे, पोट भरलेलं! आणि कायम डाएटवर असणाऱ्या? त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं! “मोडलंच आहे डाएट, तर जाऊ दे!” ओळखीचं वाटतंय ना? पहिल्या करंजीला गुन्हा ठरवलं की पाचवी आलीच. म्हणून मी म्हणतो, पहिली करंजी मजेत, बसून, चव घेत खा. नंतर “नको, पोट भरलं” म्हणणं खूप सोपं जातं.

न्यूझीलंडच्या संशोधकांनी 2014 मध्ये यावर जणू चेरीच ठेवली. चॉकलेट केक म्हटल्यावर ज्यांना ‘अपराध’ आठवला, त्यांना वजन राखणं ‘सेलिब्रेशन’ आठवणाऱ्यांपेक्षा जड गेलं. आपल्याकडे केकच्या जागी अनारसा वाचा!

खाण्याचं झालं, आता व्यायाम. एका राजाने व्यायामावर पुस्तक लिहिलंय, माहीत आहे का? औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी! (सिग्नलवाल्या, शेजारच्या औंधचे नव्हेत; साताऱ्याकडच्या औंध संस्थानाचे.) सूर्यनमस्कारांचं त्यांना असं वेड, की संस्थानातल्या शाळांमध्येही ते सुरू केले आणि 1938 मध्ये इंग्रजीत ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ काढलं. उपकरण शून्य, जागा एका सतरंजीची. वाकडच्या टू-बीएचकेतही मावते!

आजोबांची शतपावली? प्रयोगशाळेत पास! 2013 च्या एका छोट्या अभ्यासात ज्येष्ठांनी तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालून पाहिलं. रात्रीच्या जेवणानंतरची रक्तशर्करा एका दमात 45 मिनिटं चालण्यापेक्षा यानेच जास्त आवरली.

जिमला दांडी? बिनधास्त! 2013 मध्येच जपानी संशोधकांनी काही तरुणांना सहा आठवडे व्यायाम, मग तीन आठवडे सुट्टी अशा फेऱ्या दिल्या. 24 आठवड्यांनी त्यांची ताकद सलग घाम गाळणाऱ्यांच्या बरोबरीची!

आणि 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘व्यायाम निदान दहा मिनिटं सलग हवा’ ही अट काढून टाकली. प्रत्येक हालचाल मोजा! किल्ल्यासाठी माती वाहणारी पोरं मोजा. सोऱ्या दाबून किलोभर भाजणीच्या चकल्या पाडणं मोजा. रात्री खांदे सांगतील काय व्यायाम झाला तो. दादा, काका, यंदा सोऱ्या तुमच्या हातात. दरवर्षी तो एकट्या आईच्याच हातात का?

सुट्टीतला एक दिवस लोहगडासाठी ठेवा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक, आणि आपल्यापासून किती जवळ! चिंचवडहून लोणावळा लोकल पकडा, मळवलीला उतरा, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडत वर चढा, जमलं तर विंचूकाट्यापर्यंत जा. शनिवार-रविवारी गर्दी फार असते. आपल्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ज्यांची आहे, त्यांनी गुरुवारच गाठा. डब्यात चिवडा-लाडू न्या, वर बसून खा, आणि रिकामी पिशवी तेवढी परत घेऊन या.